जोशी-अभ्यंकर या नावातून गळलेली तीन नावं

मंडळी, मी संस्कृत व्याकरण शिकवते. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खुनांविषयी बोलायला माझ्यासारखीला का बोलावलं असेल, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. त्याचं कारण एका वर्गात घडलेल्या गोष्टीत आहे.

एम.ए.च्या मुलांना मी संदर्भग्रंथांची यादी देत होते. त्यात काशिनाथशास्त्री अभ्यंकरांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश होता, बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने 1961 साली छापलेला. व्याकरणातली एखादी संज्ञा अडली की जगभरचे अभ्यासक आजही तो काढतात. एका मुलीने तिथंच मोबाईलवर लेखकाचं नाव शोधलं आणि तिचा चेहरा उतरला. “मॅडम, हे ते अभ्यंकर?” तिला कोश दिसलाच नव्हता. आधी दिसली होती चार खुन्यांची छायाचित्रं. वर्गातल्या दोघातिघांना त्या खुन्यांच्या म्होरक्याचं, जक्कलचं, नाव माहीत होतं. कोशकाराचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी त्या प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचत आले. आज ते सांगताना मारणाऱ्यांपेक्षा मेलेल्यांकडे जास्त वेळ थांबणार आहे.

पुणे, 1976. देशात आणीबाणी, वृत्तपत्रांवर सेन्सॉर. टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयात जाहिरातकला शिकणारी काही मुलं. राजेंद्र जक्कल त्यांचा म्होरक्या, बरोबर दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. सुहास चांडकही त्यांच्यातलाच, तो पुढे माफीचा साक्षीदार झाला. विशीतली पोरं. दारू, चोऱ्यामाऱ्या, आणि मग झटपट पैशाची चटक. त्यांच्या मनाच्या तळाशी काय होतं यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. एकाने तर तुरुंगात बसून आत्मकथनही लिहिलं. मी त्यात शिरणार नाही.

पहिला खून झाला 1976च्या जानेवारीत, प्रकाश हेगडेचा. महाविद्यालयाच्या मागेच त्याच्या वडिलांचं हॉटेल होतं आणि ही मुलं तिथं रोज चहाला जायची. म्हणजे प्रकाश त्यांना ओळखत होता, म्हणूनच बोलावल्यावर गेला. कर्वे रस्त्यावरच्या जक्कलच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली, मी घर सोडून चाललो आहे अशी. त्याच रात्री नायलॉनच्या दोरीने गळा आवळून त्याला मारलं आणि प्रेत पिंपात घालून सारसबागेशेजारच्या तळ्यात सोडलं. एवढं झाल्यावर दुसऱ्या दिवशी बापाकडे खंडणीची चिठ्ठी धाडली.

घर सोडल्याची ती पहिली चिठ्ठी नीट लक्षात घ्या. तिच्यामुळे जगाच्या दृष्टीने प्रकाश हेगडे मेलाच नव्हता, तो नाहीसा झाला होता. वर्षभरापेक्षा जास्त काळ त्याच्या घरच्यांनी ते कसं काढलं असेल? मरणाचं सुतक धरता येतं. नाहीसं झालेल्याचं काय धरायचं? आणि शहराच्या लेखी तो खून नसल्यामुळे, पुढे खुनांची मोजदाद सुरू झाली तेव्हा तो त्या यादीत आलाच नाही.

यादी सुरू झाली 31 ऑक्टोबरला. विजयनगर कॉलनीतलं जोशींचं घर. अच्युत जोशी, त्यांच्या पत्नी उषाताई आणि किशोरवयीन मुलगा आनंद. तिघंही गेले. नोव्हेंबरात शंकरशेठ रस्त्यावरच्या एका बंगल्यात हे चौघे घुसले. तिथं मात्र घरातल्या माणसांनी झटापट केली आणि त्यांना पळून जावं लागलं.

आणि मग 1 डिसेंबर. भांडारकर रस्त्यावरचा ‘स्मृती’ बंगला.

इथं मला थोडं थांबू द्या. काशिनाथशास्त्री तेव्हा पंच्याऐंशी ओलांडलेले होते. त्यांचे वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री. पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणणारे ते हेच. त्यांनी भाषांतराचे सहा खंड केले आणि सातवा, प्रस्तावनेचा खंड मुलाने लिहिला. बापाचं काम मुलाने पुरं करावं, अशी घराणी आपल्याकडे किती उरली आहेत! परिभाषा म्हणजे व्याकरणाची सूत्रं कशी लावायची ते सांगणारे नियम. त्या विषयावरचे विखुरलेले जुने ग्रंथ काशिनाथशास्त्रींनी एका जाड खंडात एकत्र संपादित केले आणि 1967 साली भांडारकर संस्थेने ते छापले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस हस्तलिखितांतले पाठभेद ताडून बघत बसला होता. ‘स्मृती’ची घंटा वाजली ती या घराची.

त्या संध्याकाळी घरात पाच जण होते. शास्त्रीबुवा, त्यांच्या पत्नी इंदिराबाई, विशीच्या आसपासची दोन नातवंडं, जाई आणि धनंजय. आणि सकूबाई वाघ. साठीच्या, घरकामाला असलेल्या.

पाचही जणांना बांधून, तोंडात बोळे कोंबून, त्याच नायलॉनच्या दोरीने मारलं. याहून जास्त तपशील मी सांगणार नाही. ज्यांना हवे असतील त्यांना ते सहज मिळतात, आणि हीच माझी तक्रार आहे.

दुसऱ्या दिवसापासून पुणं बदललं. त्या काळात मोठ्या झालेल्यांना विचारा. दिवेलागण झाली की दारं बंद, ओळखीचा आवाज आल्याशिवाय कडी काढायची नाही. ज्यांच्या दाराला साखळी नव्हती त्यांनी ती बसवून घेतली. शेजारी मीठ मागायला आला तरी आधी नाव सांगायचा. त्या भीतीतच या प्रकरणाला नाव मिळालं, जोशी-अभ्यंकर खून. भीती दोन पत्त्यांवर घडलेल्या गोष्टींची होती, म्हणून नावही दोन पत्त्यांचं.

पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘अदर्शनं लोपः’. जे असायला हवं ते दिसत नाही, त्याला लोप म्हणतात. मृतांची मोजणी केली की मला हे सूत्र आठवतं. एकंदर दहा खून. पहिला प्रकाश हेगडे, तो नावात नाही. शेवटचा अनिल गोखले, तोही नाही. आणि मधल्या पाचांतल्या सकूबाई वाघ. त्या अभ्यंकरांच्या घरात मेल्या, पण अभ्यंकर नव्हत्या. कित्येकदा नुसतं ‘मोलकरीण’ म्हणून त्यांचा उल्लेख होतो. खुन्यांची मात्र आडनावासकट चारही नावं लोकांना पाठ आहेत.

अनिल गोखले हा या मुलांच्या एका मित्राचा धाकटा भाऊ. 23 मार्च 1977च्या रात्री अलका टॉकीजपासून घरी सोडतो म्हणून त्याला गाडीवर बसवलं. मारून प्रेत लोखंडी शिडीला बांधलं, दगडांचं वजन लावलं आणि बंडगार्डनजवळ नदीत टाकलं. दुसऱ्या दिवशी, 24 मार्चला, दिल्लीत मोरारजी देसाईंचा शपथविधी झाला. देशाचं लक्ष तिकडे असताना येरवड्याजवळ नदीने ते प्रेत वर आणलं.

नायलॉनची दोरी आणि तिच्या गाठी. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकरांच्या तपासाला इथून धागा मिळाला. ही चौकडी पोलिसांच्या आसपासच घोटाळत होती, विचारल्यावर एकाचं सांगणं दुसऱ्याशी जुळेना. त्यांचा एक वर्गमित्र बोलता झाला, मग चांडक बोलला. 30 मार्चला अटक झाली. आणि तेव्हा कुठे तळ्यातून ते पिंप बाहेर काढलं गेलं. प्रकाश हेगडेच्या घरच्यांना चौदा महिन्यांनी उत्तर मिळालं. तोवर प्रकरणाचं नाव मात्र ठरून गेलं होतं.

खटला मे 1978 मध्ये उभा राहिला. माफीच्या साक्षीदाराचा शब्द एकटा पुरत नाही, त्याला स्वतंत्र पुराव्याची जोड लागते. इथं ती मिळाली. 28 सप्टेंबर 1978 रोजी न्यायाधीश वा. ना. बापटांनी चौघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने पुढच्या एप्रिलमध्ये ती कायम केली, नोव्हेंबर 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाद नाकारली, दयेचे अर्जही फेटाळले गेले. 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिलं. ‘स्मृती’ला सात वर्षं व्हायला चार दिवस कमी होते.

त्या मुलीने सत्राअखेर त्या कोशावर निबंध लिहिला. व्याकरणाच्या दृष्टीने बेताचाच होता, दोन संज्ञांची तिने गल्लत केली होती. पण सुरुवातीला लेखकाच्या परिचयाच्या पाच ओळी होत्या. चार ओळी ग्रंथांवर. पाचवीत मृत्यूची तारीख, आणि त्या दिवशी त्याच घरात गेलेल्या आणखी चार माणसांची नावं. तिने सकूबाई वाघ हे नाव सर्वांत आधी लिहिलं होतं.