मधल्या मोकळ्या जागेतली दोन अक्षरं

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या पाच रेकॉर्ड्स. पाचही कव्हर सारखीच.)

ही पाचही कव्हर नीट पाहा. तपकिरी रंग, मागे झेपेलिन वायुनौकेचा पांढरट आकार, पुढे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांचा जुना फोटो आणि त्यातल्या काही चेहऱ्यांच्या जागी बसवलेले चार गायक-वादकांचे चेहरे. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा हा दुसरा अल्बम. अमेरिकेत तो 22 ऑक्टोबर 1969 रोजी आला आणि वर्ष संपायच्या आत बीटल्सच्या 'ॲबी रोड'ला खाली ढकलून पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला.

गाणी तीच नऊ. मूळ ध्वनिमुद्रणाची टेपही तीच. आवाज मात्र पाच जागी पाच तऱ्हेचा येतो. तो का, हे शोधायला आम्ही कोथरूडमधल्या या घरात दोन दिवस कॅमेरा लावून बसलो.

(दृश्य: खिडकीजवळचं टर्नटेबल. ब्रशने रेकॉर्ड पुसणारे हात.)

हे हात घरमालक काकांचे. आयुष्यभर कारखान्यात यंत्रं लावली, आता निवृत्त आहेत. कार्बनचा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. दोन फेऱ्या झाल्या की अलगद बाहेरच्या कडेकडे ओढून घ्यायचा. बघा, धुळीची एक बारीक रेघ ब्रशवर आली. पाचही रेकॉर्ड्सना हे दोन्ही बाजूंनी झालं. ऐकण्याच्या आधीचा अर्धा तास यातच गेला, आणि तो जायलाच हवा होता, कारण धुळीचा तडतडाट ऐकून 'प्रेसिंग, म्हणजे छपाई, खराब आहे' असं ठरवणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

पाच प्रती कोणत्या, ते आता ओळीने दाखवतो. पहिली 1969 ची अमेरिकन. काकांचे थोरले भाऊ तेव्हा तिकडे शिकत होते, त्यांनी ती नवी घेतली होती. दुसरीही अमेरिकनच, त्याच कंपनीची, थोडी नंतरची. तिसरी सत्तरच्या दशकातली, जपानमध्ये छापलेली. चौथी अमेरिकेतल्या क्लासिक रेकॉर्ड्स या कंपनीची, 200 ग्रॅमची जाडजूड. आणि पाचवी 2014 ची, बँडचे गिटारवादक जिमी पेज यांनी स्वतः देखरेख करून पुन्हा मास्टर करून, म्हणजे छपाईआधीचा आवाज नव्याने तयार करून, घेतलेली, 180 ग्रॅमची.

(दृश्य: डेसिबल मीटर दाखवणारा फोन, सोफ्याच्या पाठीवर ठेवलेला.)

"आधी आवाज सारखा करा, मग बोला." काकांचं हे वाक्य या सगळ्या प्रकाराचा पाया आहे. दोन रेकॉर्ड्सपैकी जी जरा मोठ्याने वाजते ती आपल्या कानाला चांगली वाटते. फरक इतका थोडा असतो की 'ही मोठी आहे' असं जाणवतसुद्धा नाही, फक्त 'ही जास्त जिवंत आहे' असं वाटतं. म्हणून फोन कानाच्या उंचीवर ठेवला, पहिल्या गाण्याची सुरुवात प्रत्येक रेकॉर्डवर वाजवून काटा एकाच जागी येईपर्यंत ॲम्प्लिफायरचं बटण फिरवलं, आणि प्रत्येकीची खूण बटणाशेजारी पेन्सिलीने केली. त्या पाच खुणा बघा. पहिल्या रेकॉर्डची खूण सगळ्यांत डावीकडे आहे. म्हणजे ती मुळातच इतकी दणकट कापलेली आहे की बटण सर्वांत कमी फिरवावं लागलं.

कापलेली. हा शब्द लक्षात ठेवा.

(दृश्य: कागद आणि पेन्सिल. एक हात पेन्सिल हलवतो, दुसरा कागद ओढतो.)

रेकॉर्डवर दिसतात त्या अनेक गोल रेघा नाहीत. एका बाजूला बाहेरून आत जाणारा एकच सलग चर असतो. पेन्सिल डावी-उजवीकडे हलवत काका कागद खालून ओढतायत, तसाच हा चर नागमोडी जातो, आणि त्या नागमोडीतच गाणं असतं. बारीक, भरभर वळणं म्हणजे झांजा आणि 'स'कार. रुंद, संथ वळणं म्हणजे बेस, म्हणजे खर्जातले स्वर, आणि ढोल. स्वर जितका खालचा तितकं वळण रुंद. तसंच्या तसं कापायचं म्हटलं तर बेसची वळणं शेजारच्या चरात घुसतील. म्हणून कापताना बेस मुद्दाम घटवतात. अगदी तळाचा, 20 हर्ट्झचा स्वर मधल्या स्वरांच्या तुलनेत जवळजवळ एक दशांश होतो. वरचे स्वर तेवढेच वाढवतात, आणि ऐकताना ॲम्प्लिफायर नेमकं उलटं करून देतो. वरचे स्वर पुन्हा खाली आणताना चरातली खरखरही दबते, हा त्यातला दुसरा फायदा.

इतकं करूनही बेस जागा खातोच. मग कापणाऱ्यापुढे प्रश्न येतो. आवाज दणकट ठेवला तर वळणं रुंद होतात, चरांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि वीस-बावीस मिनिटांची बाजू आत मावता मावत नाही. आत जावं तर तिथे वेगळीच अडचण. मिनिटाला 33⅓ फेऱ्या ठरलेल्या असल्या तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर चर जातो, तर मधल्या कागदी लेबलजवळ जेमतेम 20-21. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत. बाजूचं शेवटचं गाणं पुष्कळदा मंद किंवा फाटल्यासारखं वाटतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

हा सगळा हिशेब एक माणूस लेथवर बसून करतो. ॲल्युमिनियमच्या चकतीवर चकचकीत लॅकरचा थर असतो, त्यात तापलेली कापणारी सुई उतरते, सुटलेली केसासारखी तार पंप ओढून घेतो. पुढे काय येणार हे यंत्राला काही क्षण आधी कळावं म्हणून टेप आधी ती वाचणाऱ्या दुसऱ्या एका हेडवरून जाते. ढोल येणार असेल तर चर सरकून जागा करतात. ही लॅकर मग चांदीने मढवतात, तिच्यावर निकेल चढवून उलटी प्रत घेतात, तिच्यावरून सुलटी, सुलटीवरून पुन्हा उलटी. या शेवटच्या उलटीला स्टँपर म्हणतात आणि तोच गरम विनाइलवर दाबला जातो. स्टँपर झिजतात, नवे करता येतात. एकदा कापलेलं मात्र कापलेलं. त्या माणसाने बेस किती ठेवायचा हे जे ठरवलं, ते पुढे हजारो घरांत तसंच वाजतं.

(दृश्य: यूएसबी मायक्रोस्कोपखाली पहिली रेकॉर्ड.)

आता पहिल्या रेकॉर्डचा चर जवळून बघा. चित्र जिथे थांबवलंय तिथे 'द लेमन साँग' आहे. हे गाणं हॉलिवूडमध्ये मुद्रित झालं, आणि त्यातला जॉन पॉल जोन्सचा बेस गाण्याच्या खालून सतत वाहत असतो, एका जागी ठरत नाही. वळणं किती रुंद गेलीत! दोन चरांमधली पट्टी काही जागी एवढीशीच उरलीय.

(दृश्य: त्याच जागी दुसरी रेकॉर्ड.)

आणि ही दुसरी प्रत. तेच गाणं, तीच जागा. वळणं आखडलेली, पट्टी रुंद, सगळं कसं शिस्तीत. डोळ्यांना ही जास्त नीटस वाटेल. कानाला उलटं वाटतं.

एकाच देशात, एकाच कंपनीत, थोड्याच काळात दोन इतक्या वेगळ्या कापण्या का झाल्या? पहिली कापली रॉबर्ट लडविग या तरुण अभियंत्याने, न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये. टेपवर जे होतं ते त्याने जवळजवळ तसंच रेकॉर्डवर उतरवलं. पुढे काय झालं ते लडविग यांनी मुलाखतींत सांगितलं आहे: कंपनीतल्या एका बड्या माणसाच्या मुलीने ही रेकॉर्ड आपल्या स्वस्तातल्या प्लेअरवर लावली आणि सुई उडाली. रेकॉर्ड सदोष आहे असं ठरलं आणि आवाज व बेस दाबून ती नव्याने कापली गेली. पुढची कित्येक वर्षं बहुतेक अमेरिकन घरांत पोचला तो हाच दाबलेला अल्बम.

स्वस्त प्लेअरवर पहिली रेकॉर्ड लावून सुई उडते का ते टिपावं, असं आमच्या मनात होतं. काकांनी हात मध्ये घातला. त्या प्लेअरच्या जड सुईखाली ही प्रत द्यायची नाही. त्यांचं बरोबर होतं.

(दृश्य: रेकॉर्ड तिरकी धरलेली, टॉर्चचा उजेड. लेबलभोवतीची मोकळी, गुळगुळीत पट्टी.)

आता या पट्टीकडे या. गाणं संपल्यावर सुई जिथे नुसती फिरत राहते ती ही जागा. संग्राहक हिला डेड वॅक्स म्हणतात. टॉर्च असा आडवा धरला की अक्षरं उमटतात. छापील आकडे सोडा. हे बघा, हाताने खरवडलेलं: आर एल. पलीकडे एस एस. रॉबर्ट लडविग, स्टर्लिंग साउंड.

1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं तेव्हा गाणं संपल्यावर त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या तंत्रज्ञांना ओळख पटायला हवी असे. ते नाव गाणाऱ्याचं होतं आणि गाण्याबरोबर सगळ्यांना ऐकू आलं. कापणाऱ्याचं नावही तिथेच, गाण्याच्या शेवटी असतं, पण त्यासाठी टॉर्च लागतो. नव्या रेकॉर्डच्या वेष्टणावर ग्रॅममध्ये वजन ठळक छापतात. वजनाने रेकॉर्ड मजबूत होते, पण बेस किती कापायचा हे वजन ठरवत नाही. ते माणूस ठरवतो, आणि विकत घेणाऱ्याला त्याचं नाव आधी कळलं पाहिजे.

(दृश्य: ऐकणारे तिघं सोफ्यावर, पाठ टर्नटेबलकडे. काका रेकॉर्ड बदलतायत.)

कोणती प्रत लागली हे न सांगता ऐकणं सुरू झालं. पहिलं गाणं, 'होल लोट्टा लव्ह'. गिटार आणि ढोल एकत्र येतात ती जागा. पहिली रेकॉर्ड लागली तेव्हा पुढे काय झालं ते या चेहऱ्यांवर आहे, आम्ही बोलत नाही.

(दृश्य: वीस सेकंद निवेदन नाही.)

याच गाण्यात, मधला सगळा गोंधळ शांत झाल्यावर, बँडचा गायक रॉबर्ट प्लँट एकटाच गातो. कान देऊन ऐका. त्याचा आवाज येण्याच्या आधी तोच आवाज लांबून, भुतासारखा येतो. हा रेकॉर्डचा दोष नाही. आधीच्या एका मुद्रणातला आवाज टेपवर झिरपलेला होता. मिक्सिंग करताना, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, ध्वनी-अभियंता एडी क्रेमर आणि जिमी पेज यांना तो काढता येईना, तेव्हा त्यांनी त्यावर घुमारा चढवून तो गाण्याचाच भाग करून टाकला. टेपवरच असल्याने तो पाचही प्रतींत आहे. म्हणूनच तुलनेला याच्याइतकी चांगली जागा नाही. दुसऱ्या प्रतीत तो नुसता पुसटसा येतो. जपानी प्रतीची पार्श्वभूमी इतकी निःशब्द आहे की तिथे तो सर्वांत स्पष्ट ऐकू येतो, पण त्यामागचा घुमारा पातळ, वरच्या स्वरांकडे झुकलेला. पहिल्या प्रतीत चराची थोडी खरखर आहे, पन्नासहून जास्त वर्षांची आहे ती, तरी तो आवाज कुठल्यातरी खोलीतून येतो असं वाटतं. त्या खोलीला भिंती आहेत.

चौथी, क्लासिक रेकॉर्ड्सची प्रत बर्नी ग्रंडमन यांनी कापली. पहिलीनंतर तिघांनी हिचंच नाव घेतलं. बेस खोल जातो, झांजा मोकळ्या, तरी पहिलीचा तो धसमुसळेपणा हिच्यात नाही. दोन अनुभवी हात, दोन निर्णय. 2014 ची प्रत टेपवरून केलेल्या उच्च दर्जाच्या डिजिटल फाइलपासून तयार झाली, मास्टरिंग जॉन डेव्हिस यांचं. स्वच्छ, समतोल, कुठेही न अडखळणारी. दुकानातून आज नवी घेता येईल अशी हीच, आणि दुसऱ्या प्रतीपेक्षा ती नक्कीच बरी. 'रॅम्बल ऑन'च्या सुरुवातीला ढोलवादक जॉन बॉनम हाताने जे थापटतो, ते नेमकं कशावर यावर चाहते आजही भांडतात. 2014 च्या प्रतीत प्रत्येक थाप सुटी मोजता येते. पहिलीत ती थाप हाताची वाटते.

पहिल्या प्रतीतही एक उणीव आहे, ती लपवत नाही. पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात, लेबलजवळ, आवाज किंचित फाटतो. काकांच्या भावाने तिकडे असताना ती त्या काळच्या जड सुईवर पुष्कळदा वाजवली होती.

या दोन अक्षरांच्या प्रती आज परदेशी बाजारात शेकडो डॉलरांना जातात आणि साध्या श्रोत्याच्या हाती येत नाहीत.

(दृश्य: काकांनी भिंतीवरून उतरवलेला भावाचा फोटो. नंतर टर्नटेबल.)

याच बँडचे पेज आणि प्लँट 1972 मध्ये मुंबईत आले होते. इथल्या वादकांबरोबर त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा मुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला 2015 साल उजाडलं. काका तेव्हा शाळेत होते. घरात ही रेकॉर्ड होती, वाजवायला प्लेअर नव्हता.

(दृश्य: रेकॉर्डची दुसरी बाजू, शेवटचं गाणं. सुई आत आत सरकतेय.)

रॉबर्ट लडविग 2023 मध्ये निवृत्त झाले.

(दृश्य: गाणं संपतं. सुई मोकळ्या पट्टीवर येते. टॉर्चच्या उजेडात दोन अक्षरं फिरत राहतात. काकांचा हात सुई धरणाऱ्या टोनआर्मकडे जातो आणि थांबतो.)