एका जनुकाचा वृक्ष म्हणजे कुळाचा वृक्ष नव्हे

दोन ओठांचं फूल दिसलं की वनस्पती स्क्रोफुलॅरिएसी कुळात टाकायची, असं फार काळ चाललं. स्नॅपड्रॅगन, डिजिटॅलिस आणि ज्वारीच्या मुळांवर पोसणारा टारफुला, सगळे एकाच घरात. पुढे हरितलवकातल्या जनुकांचे क्रम ताडून पाहिले आणि 2001 पर्यंत हे कूळ फुटल्याचं स्पष्ट झालं. स्नॅपड्रॅगन आणि डिजिटॅलिस प्लँटॅजिनेसीत गेले, टारफुला ओरोबँकेसीत. दोन ओठांचं फूल सगळ्यांना दूरच्या पूर्वजाकडून मिळालेलं होतं, त्यावरून जवळचं नातं ठरत नव्हतं.

डीएनएवरून वनस्पतींचा वंशवृक्ष काढण्याचं असं काम सुरू होतं पानापासून. कोवळं पान, त्याच्या निदान दहापट वजनाचं सिलिका जेल, आणि एका दिवसात पान कडकडीत वाळलं पाहिजे. सावकाश वाळलं तर डीएनएचे तुकडे होतात. मग पेशी फोडून डीएनए सोडवणारं 2 टक्के सीटॅबचं द्रावण, 65 अंश सेल्सिअस, अर्धा ते एक तास. चिकट, शर्करायुक्त पानांचा डीएनए भरपूर दिसतो, तरी पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढणं) होत नाही. तेव्हा नमुना वाढवू नका, दहापट पातळ करा. अडथळा आणणारे पदार्थही पातळ होतात आणि बहुधा काम होतं.

आता जनुक कोणतं? हरितलवकातलं आरबीसीएल हे जनुक सुमारे 1,430 बेसचं (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), जुळवायला सोपं, पण संथ बदलणारं. कुळाकुळांतली नाती ते दाखवतं, एका कुळातल्या जवळच्या जातींत मात्र फरकच सापडत नाहीत. हरितलवकातलंच मॅटके हे जनुक त्याहून वेगानं बदलतं. (अनेक पूर्ण परजीवी वनस्पतींत आरबीसीएल निकामी किंवा गायबच असतं. तिथे पीसीआर फसला तर दोष हाताचा असेलच असं नाही.) केंद्रकातला आयटीएस हा डीएनएचा तुकडा आणखी वेगवान, पण त्याच्या शेकडो प्रती असतात. संकरित वनस्पतीत क्रम वाचण्याच्या आलेखावर एकाच जागी दोन शिखरं, म्हणजे दोन वेगळी अक्षरं, दिसतात. त्यातलं उंच शिखर निवडून पुढे जाणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

क्रमांची जुळणी मॅफ्ट या संगणक प्रोग्रामनं करा, पण नंतर डोळ्यांनी पाहा. प्रथिन बनवणाऱ्या जनुकात तीनच्या पटीत नसलेली फट दिसली तर आधी मूळ वाचन तपासा. बाह्यगटात (तुलनेसाठी घेतलेल्या, अभ्यासाच्या गटाबाहेरच्या जातींत) दोन-तीन जवळच्या जाती घ्या. फार दूरची घेतली तर वृक्षातल्या लांब, म्हणजे खूप बदल साठलेल्या, फांद्या उगाच एकमेकींना चिकटतात.

खरा पेच पुढे आहे. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक आईकडूनच येतं. संकरानंतर एका जातीचं हरितलवक दुसरीत कायमचं राहू शकतं, आणि मग हरितलवकाचा वृक्ष एक सांगतो, केंद्रकाचा दुसरं. दोन्हींना बूटस्ट्रॅप 95! बूटस्ट्रॅप (तीच माहिती पुन्हा पुन्हा निवडून वृक्ष काढला तर शंभरपैकी किती वेळा तोच गट येतो तो आकडा) फक्त माहिती स्वतःशी किती सुसंगत आहे ते सांगतो, जातींचा इतिहास खरा ठरवत नाही. म्हणून सगळे क्रम एकत्र जोडण्याआधी दोन्ही वृक्ष वेगवेगळे काढा आणि कोणत्या गाठींवर (फांद्या फुटण्याच्या जागांवर) ते भांडतात याची नोंद करा. त्या जातींसाठी केंद्रकातली जास्त जनुकं लागतात. 2019 पासून सपुष्प वनस्पतींसाठी 353 जनुकांचा तयार संच उपलब्ध आहे, आणि तो जुन्या हर्बेरियम (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्यांतल्या तुटक्या डीएनएवरही बऱ्याचदा चालतो.