जुन्या टाटाचं पंप टायमिंग थेंबावर कसं लावायचं

राम राम भो! आज आपण धुळ्यात, हायवेच्या कडेला. मागे उभी आहे ती जुनी टाटा, ६९७ इंजिनाची. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. मालकाची तक्रार अशी की शिरपूर-चोपड्याकडची केळी भरली की बिजासन घाटात गाडी ओढत नाही. आणि म्हणणं एकच, "मिस्तरी, पंप जरा उठवून द्या ना."

पंप उठवायचा म्हणजे डिझेल पंपाचं टायमिंग पुढे घ्यायचं, डिझेलचा फवारा थोडा आधी सुरू करायचा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी हे काम कानावर चालतं. नट ढिले करायचे, पंप थोडा कलवायचा, आवाज कडक आला की आवळून टाकायचे. रिकाम्या गाडीत मस्त वाटतं. मे महिन्यात ४५ डिग्रीत, भरल्या गाडीने घाट चढताना त्याच कडकपणाचा मार हेड गॅसकेट आणि पिस्टन खातात.

का ते सांगतो. नोझलमधून, म्हणजे फवारा मारणाऱ्या तोटीतून, डिझेल सिलिंडरमध्ये गेलं की लगेच पेटत नाही. साधारण एक मिलिसेकंद जातो. २००० आरपीएमला तेवढ्यात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, १२ अंश फिरून जातो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच फवारा सुरू करावा लागतो. फार आधी केला तर डिझेल साठतं आणि एकदम भडकतं, तीच आपली खटखट. उशीर झाला तर जळणं लांबतं, सायलेन्सर तापतो, पाणी गरम होतं, ओढ जाते, आणि थंडीत सकाळी पांढरा धूर.

पण ओढ गेली म्हणजे टायमिंगच गेलं, असं नाही हं. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर काढून बघा, कापसाच्या हंगामात तो कसा भरतो ते तुम्हाला सांगायला नको. डिझेल फिल्टर, नोझल, टॅपेट, हे सगळं ठीक असेल तरच पंपाला पाना लावा.

(कॅमेरा पंपाजवळ)

गाडी न्यूट्रलला, चाकांना ओंडके, बॅटरीची तार काढलेली. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा, म्हणजे पिस्टन हवा दाबत वर येतो त्या जागी. ओळखायचं कसं? या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. एक आणि सहा जोडीदार. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलायला लागले आणि पहिल्याचे दोन्ही रॉकर ढिले लागले, की पहिला कॉम्प्रेशनवर. आता फवारा सुरू व्हायच्या मार्कावर थांबा. किती अंश, ते मॅन्युअलमध्ये बघा, शेजारच्या गाडीचा आकडा चालत नाही. इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवून मार्कावर यायचं. मार्क निसटला तर थोडं मागे आणून भागत नाही, गियरमधला खेळ मधे येतो. चांगलं मागे न्या, आणि पुन्हा सरळ दिशेने या.

पंपाकडे येऊ. पहिल्या नंबरचा पाईप काढला. डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर खोलून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग स्वच्छ वाटीत, डिझेलमध्ये. बोट पुसलेलं हवं, या भागाला धूळ अजिबात खपत नाही. होल्डर परत बसवला, वर हा वाकडा पाईप. बाकीचे पाईपही ढिले केलेत, नाहीतर पंप कलवताना ताण बसून एखादा तडकतो. ॲक्सिलरेटर पूर्ण, स्टॉप लिव्हर मोकळा.

(जवळून)

हात-पंप मारतोय, बघा. डिझेलची धार येतेय, म्हणजे प्लंजरने, पंपातल्या दट्ट्याने, डिझेल आत यायचं भोक अजून बंद केलेलं नाही. आता पंपाची बॉडी हळू फिरवतो. लक्षात ठेवा: पंपाची शाफ्ट फिरते त्याच दिशेला बॉडी नेली तर टायमिंग मागे, उलट नेली तर पुढे. धार बारीक झाली… तुटली… आता थेंब. एक… मध्ये बराच वेळ… दुसरा. इथेच थांबायचं. याच जागी फवारा सुरू होतो.

नट आवळा, पण आवळताना पंप सरकतो, म्हणून आवळल्यावर क्रँक मागे नेऊन पुन्हा एकदा थेंब तपासा. पंप बसतो त्या फ्लँजवर केंद्रापासून सहा सेंटीमीटरवर एक मिलिमीटर सरकलं तर पंप जवळपास एक अंश फिरतो. पंप इंजिनाच्या अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर ते दोन अंश होतात. नखाएवढ्या हालचालीवर गाडीचा स्वभाव बदलतो, म्हणून कानावर माझा विश्वास नाही.

व्हॉल्व्ह, स्प्रिंग परत, पाईप आवळले, हवा काढली. चालू इंजिनात पाईप किंवा नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, डिझेल कातडीच्या आत शिरतं आणि मग थेट दवाखाना.

या गाडीचं टायमिंग मागे गेलेलं होतं, आता मार्कावर आणलंय. आता माल भरून लळिंग घाटात नेऊन बघायची. आयडलला ठीक आणि जास्त आरपीएमला पुन्हा ढिली वाटली, तर पंपाच्या पुढच्या ॲडव्हान्स युनिटची, म्हणजे वेग वाढला की टायमिंग आपोआप पुढे नेणाऱ्या भागाची, शंका घ्या. ते इथे उघडायचं काम नाही, पंप टेस्ट बेंचवरच न्यायचा.