मूळ पोर्तुगालने बदललं, गोव्याने जपलं

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातलं एखादं जुनं खरेदीखत चाळलंत, तर विकणाऱ्यांच्या बाजूला सहसा नवरा-बायको दोघांच्या सह्या दिसतील, घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी. याचं मूळ 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. 1870 पासून ती गोव्यात लागू झाली. 1961 मध्ये पोर्तुगीज गेले, पण 1962 च्या संसदेच्या कायद्याने तिथले जुने कायदे चालू ठेवले.

या संहितेचा गाभा म्हणजे सामाईक मालमत्ता. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर दोघांचं लग्नापूर्वीचं, लग्नानंतरचं आणि वारशाने आलेलंही एकत्र होतं. निम्मं एकाचं, निम्मं दुसऱ्याचं. हा करार लग्नाआधीच व्हावा लागतो. फसगत होते ती इथेच: लग्न उरकल्यावर वकिलाकडे धाव घेऊन उपयोग नसतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. लग्नानंतर कमावलेली 1 कोटीची मालमत्ता, नवरा वारला, मागे बायको आणि दोन मुलं, आई-वडील हयात नाहीत. गोव्यात 50 लाख बायकोचेच. ते वारशात येतच नाहीत. उरलेल्या 50 पैकी 25 लाखांचंच मृत्युपत्र करता येतं, बाकीचे 25 मुलांना, मुलगा-मुलगी समान, द्यावेच लागतात. मृत्युपत्र नसेल तर मुलांना 25-25 लाख.

हेच हिंदू कुटुंब महाराष्ट्रातलं, आणि मालमत्ता नवऱ्याची स्वकष्टार्जित व त्याच्याच नावावर असेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तो सगळी एक कोटी कुणालाही देऊ शकतो. मृत्युपत्र नसेल तर तिघांना सारखे, सुमारे 33.33 लाख.

आणि खुद्द पोर्तुगालमध्ये? तिथे ही संहिता आता नाहीच. 1966 ची नवी संहिता 1967 मध्ये लागू झाली. करार नसेल तर आता फक्त लग्नानंतर कमावलेलंच सामाईक होतं. 1977 च्या सुधारणेने विधवा किंवा विधुर मुलांच्या पंक्तीला बसला. म्हणजे वरच्या उदाहरणात बायकोचे स्वतःचे 50 लाख, शिवाय नवऱ्याच्या 50 मधूनही मुलांइतकाच, सुमारे 16.67 लाखांचा वाटा. मृत्युपत्राची मोकळीक मात्र 50 च्या एक तृतीयांशापुरती.

समान नागरी कायद्याच्या चर्चेत गोव्याचं नाव आदर्श म्हणून घेतलं जातं. पण गोव्यात उभी आहे ती पोर्तुगालने सोडून दिलेली आवृत्ती, हे क्वचितच सांगितलं जातं. 2012 मध्ये गोवा विधानसभेने वारसा, विशेष नोटरी (मृत्युपत्रं नोंदवणारा सरकारी अधिकारी) आणि इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी व वाटणी) यांचा कायदा नव्याने लिहिला, तो 2016 मध्ये लागूही झाला. त्यातही वारसांचा क्रम तोच राहिला: मुलं-नातवंडं, मग आई-वडील व त्यांच्यावरची पिढी, मग भाऊ-बहिणी, आणि चौथ्या क्रमांकावर जोडीदार.

हिशेब मुंबईपर्यंतही पोचतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची गोव्याबाहेर, पण भारतात असलेली स्थावर मालमत्ताही वारशापुरती गोव्याच्याच नियमाने जाईल. प्राप्तिकरातही खास तरतूद आहे: हा सामाईक मालमत्तेचा नियम लागू असलेल्या जोडप्याचं भाडं, व्याज वगैरे उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरतात, पगार मात्र ज्याचा त्याचा. विवरणपत्र भरताना हे हमखास विसरतं.

जोडीदाराचा चौथा क्रमांक कुठे बोचतो? मूलबाळ नाही, आई-वडील नाहीत, नवऱ्याचा भाऊ आहे. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याचा निम्मा वाटा भावाकडे जातो, बायकोकडे नाही. उपाय सोपा आहे. भाऊ सक्तीचा, म्हणजे वाटा द्यावाच लागणारा, वारस नाही, म्हणून नवरा मृत्युपत्राने आपला सगळा निम्मा वाटा बायकोला देऊ शकतो. त्यासाठी विशेष नोटरीकडे जायचं, आणि तेही दोघांनी. तिचा निम्मा वाटाही असाच तिच्या भावंडांकडे जाऊ शकतो.