किती वाजता लागलं?

नमस्कार मंडळी. मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. माझा मावसभाऊ रात्री कागलकडून येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. त्यावर बोलायचं तर वेगळा व्हिडिओ लागेल. कॅज्युअल्टीच्या दारात पाच-सहा जणांनी त्याला उतरवला. डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता लागलं?" एक म्हणाला, आत्ताच. दुसरा म्हणाला, जेवायच्या टायमाला. तिसरा चिडलाच, "अवो डॉक्टर, टाइम काय विचारताय, रक्त बघा की!"

खरं सांगू? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

आता हे ऐका. २०१० साली 'क्रॅश-२' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ४० देश, २७४ हॉस्पिटलं, २० हजारांवर जखमी, आणि त्यात सगळ्यात जास्त रुग्ण भारतातले. निम्म्यांना ट्रानेक्झॅमिक ॲसिड दिलं, निम्म्यांना नुसतं सलाइन. कुणाला काय मिळालंय, ते देणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नाही. नाव जड आहे, पण औषध ओळखीचं: पाळीत अंगावरून जास्त जातं तेव्हा बायकांना ज्या गोळ्या देतात, तेच. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या नवरा-बायकोनं ते शोधलं. उताकोबाईंच्या डोळ्यांपुढं होता बाळंतिणीचा रक्तस्राव.

जखम झाली की शरीर रक्ताची गुठळी करून गळती बुजवतं. मोठ्या मारात मात्र गुठळी विरघळवणारी यंत्रणाही जोर धरते. इकडं बांध घालायचा, तिकडून तो खचायचा. पंचगंगेकाठच्या माणसाला हे समजावायला नको. हे औषध तो बांध टिकवतं.

औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १६. दीड टक्क्यानं काय होतंय, असं वाटेल. पण वेळेप्रमाणे आकडे लावले आणि चित्रच पालटलं. पहिल्या तासात दिलं, तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर आले. तीन तास उलटून गेल्यावर दिलं, तर ३.१ चे ४.४ झाले! तेच इंजेक्शन, तोच डोस. म्हणून घड्याळ.

भाऊ तोवर बोलत होता. गाव कुठलं? "गाडी कुठाय माझी?" आज वार कोणता? "गाडी कुठाय माझी?" आम्हाला बरं वाटलं, बोलतोय म्हणजे ठीक आहे. डॉक्टरांनी मात्र बोलण्याचे पाचपैकी चारच गुण दिले. ही ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी, १९७४ पासूनची. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. एकूण ८ किंवा त्याखाली आला, तर मेंदूचा मार गंभीर धरतात. म्हणजे बोंबलणाऱ्यापेक्षा कोपऱ्यात गप पडलेल्याकडं आधी धावायचं. आणि हो, तोंडात पाणी ओतू नका. शुद्ध हरपत असली तर ते सरळ श्वासनळीत जातं.

वेळेचं घोडं मात्र अडलेलंच. शेवटी मागं उभा असलेला ट्रॅक्टरवाला पुढं आला. रडवेला झालेला, हात थरथरतायत. त्यानं मोबाइल उघडून दाखवला. १०८ ला फोन त्यानंच लावला होता, धडक बसल्या बसल्या: ९ वाजून १२ मिनिटं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दहाला पाच कमी. मान न वळवताच सिस्टरना म्हणाले, "ट्रानेक्झा काढा."