पोको, पोको… : काविया लोकांच्या पाण्याची गोष्ट

(दृश्य : सकाळचं कोवळं ऊन. उघडाबोडका डोंगर. कॅमेरा पायथ्यापासून हळूहळू वर सरकतो.)

डोंगराच्या अंगावरची ही रेघ बघा. रेघेच्या वर काळपट तपकिरी खडक. खाली त्याच खडकावर फिकट, खरखरीत पापुद्रा, जुन्या हंड्याला आतून क्षार धरावा तसा. आणि मधली रेघ अगदी सरळ, पाणसळ लावून ओढल्यासारखी.

ही पाण्याची खूण आहे. पायाखाली मात्र वाळू. लॉस एंजेलिसपासून पूर्वेला गाडीनं अडीच-तीन तासांवरचं हे कोचेला खोरं. खोऱ्याच्या तळाशी वर्षाचा पाऊस जेमतेम तीन-चार इंच. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सहज जातो.

१८५३ मध्ये रेल्वेमार्गाची पाहणी करणाऱ्या पथकाबरोबर विल्यम ब्लेक नावाचे भूशास्त्रज्ञ इथे आले. त्यांनी ही रेघ पाहिली, वाळूत विखुरलेले गोड्या पाण्यातले शिंपले पाहिले, आणि इथे पूर्वी मोठा जलाशय असणार हे ताडलं. मग त्यांनी इथल्या लोकांना विचारलं. त्या लोकांना ते ताडायची गरजच नव्हती, त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं, की सगळं खोरं पाण्यानं भरलेलं होतं. पाण्यात मासे होते, बदकं आणि हंस उतरायचे. आमचे वाडवडील डोंगरात राहायचे आणि मासेमारीला खाली यायचे. मग पाणी ओसरत गेलं, ‘पोको, पोको’. स्पॅनिशमध्ये पोको म्हणजे थोडं. थोडं थोडं करत गेलं. जसं पाणी मागे सरलं तशी गावं त्याच्यामागून खाली उतरली. आणि एकदा ते अचानक परत आलं, बरीच माणसं बुडाली, उरलेली पुन्हा डोंगरात पळाली.

हे सांगणारे लोक म्हणजे काविया, दक्षिण कॅलिफोर्नियातले मूळ रहिवासी.

(दृश्य : नकाशा. सॅन जसिंटो आणि सँटा रोझा डोंगररांगा, त्यांच्या पूर्वेला खोरं, आग्नेयेला कोलोरॅडो नदी.)

भूशास्त्राला जे पुराव्यांनी जुळवावं लागलं, ते थोडक्यात असं. कोलोरॅडो नदी समुद्राला मिळण्याआधी इतका गाळ टाकते, की स्वतःच्याच गाळानं तिचा रस्ता अडतो. मग ती कधी दक्षिणेला समुद्राकडे जाते, तर कधी उत्तरेला वळून या खोलगट खोऱ्यात शिरते. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली आहे. नदी आत आली की खोरं भरायचं. सुमारे १८० किलोमीटर लांब, ५० किलोमीटर रुंद असा गोड्या पाण्याचा जलाशय व्हायचा. नदी पुन्हा बाहेर वळली की तो आटायचा. असं अनेकदा झालं. शेवटचा मोठा जलाशय अठराव्या शतकात आटत गेला. ब्लेक यांना जे सांगितलं गेलं ते शंभरेक वर्षांपूर्वीचं होतं, आजोबा-पणजोबांच्या तोंडून आलेलं. त्या जलाशयाला आज लेक काविया म्हणतात.

(दृश्य : उतारावर दगडांची इंग्रजी ‘व्ही’सारखी मांडणी. जवळून.)

या साऱ्या गोष्टीतलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे. वाळवंटातल्या डोंगरउतारावर हातात मावतील असे दगड रचलेले आहेत. एका रांगेत एक, इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात, टोकाशी फट ठेवून. हे माशांचे सापळे. काठालगत पोहणारा मासा दगडांच्या कडेकडेनं फटीत यायचा आणि तिथे धरला जायचा.

आता उतारावरून खाली बघा. या रांगेच्या खाली दुसरी रांग आहे. तिच्या खाली तिसरी. दोन ओळींमधलं अंतर साधारण एका माणसाच्या उंचीइतकं. या उन्हात साचलेलं पाणी वर्षाला जवळपास तेवढंच उडून जातं. म्हणजे एक ओळ, एक वर्ष. पाणी खाली गेलं, पुढच्या हंगामात माणसांनी खाली येऊन नवे दगड रचले. पुढच्या वर्षी आणखी खाली. ‘पोको, पोको’ हा शब्द ब्लेक यांच्या कागदावर आला त्याच्या कितीतरी आधी तो या डोंगरावर दगडांनी लिहिला गेला होता.

मग पाणी गेलं, मासे गेले. माणसं मात्र गेली नाहीत.

(दृश्य : वाळूत उतरत जाणारी वाट. आवाज फक्त वाऱ्याचा.)

कावियांनी पाणी जमिनीत शोधलं. लोखंडाचं एकही अवजार नसताना त्यांनी वाळवंटात विहिरी खणल्या. आडासारख्या सरळ नव्हेत, तर चालत उतरता येईल अशा उतरत्या. काही ठिकाणी तीस फुटांपर्यंत खोल. बायका मातीचा घडा घेऊन पाण्यापर्यंत चालत जायच्या आणि भरून वर यायच्या. आपल्याकडच्या बारवेची आठवण येतेच, फक्त इथे चिरेबंदी नाही, सगळं वाळूत आणि मातीत. वाळू ढासळायची, पुन्हा उपसावी लागायची. खोऱ्यातल्या एका श्रीमंत गावाचं नाव आजही इंडियन वेल्स आहे. त्या विहिरी कुणाच्या, हे गावाच्या नावातच राहून गेलं आहे.

डोंगराच्या कुशीत पंख्यासारख्या पानांचे ताड उभे असतात, आणि जिथे ताड तिथे पाणी. सॅन अँड्रियास हा प्रसिद्ध भूभ्रंश, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली भेग, इथूनच जातो. त्याच्या चुरडलेल्या खडकाची जमिनीखाली भिंत होते, भूजल तिला अडतं आणि वर येतं. कावियांच्या सृष्टीकथेत दोन भाऊ आहेत, मुकाट आणि तेमायावेत. काळोखातून जन्मलेले. माणसं कशी घडवावीत, त्यांना मरण असावं की नसावं, यावरून त्यांचं भांडण होतं. तेमायावेत रागानं जमिनीच्या पोटात निघून जातो आणि पृथ्वी हादरते.

पुढे मुकाटही मरतो. त्यानं माणसांना धनुष्यबाण दिले, एकमेकांवर चालवायला लावले, म्हणून त्याचीच लेकरं त्याच्यावर उलटतात. त्याचं दहन होतं. आणि जिथे तो जळला तिथून झाडं उगवतात. हृदयातून तंबाखू, पोटातून भोपळा, दातांतून मका. या गोष्टीत पुढे गहू आणि कलिंगडही आले. ही पिकं स्पॅनिश लोकांबरोबर आली होती, पण कथेनं त्यांनाही मुकाटच्या देहात जागा दिली. मला ही गोष्ट फार आवडते. बाहेरून आलेलं बी आपल्या मातीत रुजलं, तर ते आपल्या देवाच्या अंगातूनच आलं असं म्हणायला मन मोठं लागतं.

(दृश्य : कठीण खडकात पडलेली उखळं. मुसळ, बारीक पीठ, विणलेली टोपली.)

खायचं काय? डोंगरात ओकची फळं. ती शरद ऋतूत गोळा करायची, वाळवायची, खडकातल्या उखळात कुटायची. पीठ फार तुरट असतं, म्हणून त्यावर पुनःपुन्हा पाणी ओतून तुरटपणा काढून टाकायचा. मग शिजवून खीर. तिला वीविश म्हणतात, आणि सणासमारंभाला ती आजही होते. खाली खोऱ्यात मेस्किटच्या शेंगा, म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या सख्ख्या भाऊबंदाच्या. उन्हाळ्यात वेचून, कुटून, वर्षभरासाठी मोठमोठ्या विणलेल्या कणग्यांत भरून ठेवायच्या. आणि वसंतात घायपात. आपण जिच्या दोऱ्या वळतो आणि बांधावर लावतो, ती घायपात मूळची अमेरिकेची. काविया तिचा कोंब आणि गाभा खड्ड्यात तापल्या दगडांवर, वरून माती लोटून, दोन-तीन दिवस भाजतात. बाहेर येतो तेव्हा तो गुळासारखा गोड आणि चिवट असतो.

टोपल्यांना रंग लावायची फारशी गरज पडत नसे. जंकस नावाचं गवत बुडाशी तांबूस आणि वर पिवळसर हिरवं. विणणारी बाई एकाच काडीतून दोन-तीन छटा काढायची.

समाज दोन भागांत वाटलेला होता, रानमांजर आणि कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी. रानमांजराच्या मुलीचं लग्न कायोटीच्याच घरात. एकाच भागात लग्न नाही, सगोत्र टाळतात तसं. भाषेतही नाती बारकाईनं जपलेली. मोठा भाऊ, धाकटा भाऊ, मोठी बहीण, धाकटी बहीण, चौघांना चार वेगळे शब्द. आईच्या आईला वेगळा, वडिलांच्या आईला वेगळा.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१७७४ मध्ये स्पॅनिश अधिकारी आन्सा यांची तुकडी या डोंगरांतून गेली. कावियांचा मुलूख किनाऱ्यापासून आत होता, म्हणून स्पॅनिश ख्रिस्ती मिशनांचा जाच त्यांना किनाऱ्यावरच्यांइतका झाला नाही. खरा घाव अमेरिकन राजवटीत बसला. ५ जानेवारी १८५२ रोजी टेमेक्युला इथे करार झाला. हुआन आंतोनियो हे कावियांचे त्या काळचे सर्वांत वजनदार पुढारी. त्यांनी आणि इतरांनी सह्या केल्या, जमीन राखून ठेवण्याचं वचन मिळालं. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये सिनेटनं कॅलिफोर्नियातले असे सगळे अठरा करार बंद दाराआड फेटाळले, कागद गुप्त ठेवले. इकडे लोक करार पाळत राहिले. १८६२-६३ मध्ये देवीची साथ आली. असंख्य माणसं गेली, हुआन आंतोनियोही गेले. ते गुप्त कागद उघडले गेले १९०५ मध्ये.

आणि त्याच १९०५ मध्ये पाणी परत आलं.

(दृश्य : फुटलेला कालवा. धावतं गढूळ पाणी.)

या वेळी नदी आपणहून वळली नव्हती. शेतीला पाणी हवं म्हणून एका खासगी कंपनीनं कोलोरॅडोच्या काठाला खिंडार पाडलं होतं. पूर आला, खिंडार फाटलं, आणि जवळजवळ दोन वर्षं सगळी नदी खोऱ्यात ओतत राहिली. १९०७ मध्ये रेल्वेनं वॅगनी भरभरून दगड टाकले तेव्हा ती थांबली. मागे राहिलं ते आजचं सॉल्टन सी. टॉरेस-मार्टिनेझ या काविया जमातीला सरकारनं जी जमीन दिली होती, तिच्यातली अकरा हजार एकरांहून जास्त पाण्याखाली गेली. त्याची भरपाई देणारा कायदा झाला २००० मध्ये. वडिलोपार्जित शेत बुडाल्यावर धरणग्रस्ताच्या घरात काय होतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

वर पाम स्प्रिंग्जमध्ये दुसरीच तऱ्हा. तिथे गरम पाण्याचा झरा आहे, काविया त्याला ‘सेखे’ म्हणतात, उकळत्या पाण्याचा आवाज. सरकारनं मैल-मैलाचे चौकोन पाडले, एक रेल्वे कंपनीला, एक आग्वा कालिएंते कावियांना, बुद्धिबळाच्या पटासारखे. पुढे याच चौकोनांवर श्रीमंतांचं गाव उभं राहिलं आणि भाव चढले. १९५० च्या दशकात व्हायोला ऑर्टनर यांच्या नेतृत्वाखाली जमातीचं मंडळ पूर्णपणे बायकांचं होतं. त्या वॉशिंग्टनला खेटे घालत राहिल्या आणि १९५९ मध्ये जमीन ९९ वर्षांच्या भाड्यानं देण्याचा हक्क मिळाला. पण त्याचबरोबर न्यायालयानं नेमलेले ‘पालक’ही आले. सज्ञान माणसांच्या मिळकतीवर नेमलेले हे पालकच त्यांचं उत्पन्न खात होते. १९६७ मध्ये वर्तमानपत्रानं ते चव्हाट्यावर आणलं तेव्हा कुठे ती पद्धत मोडली.

कबाझोन या काविया जमातीच्या पत्त्यांच्या क्लबावरून सुरू झालेला खटला १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला, आणि अमेरिकेतल्या आदिवासींच्या कसिनोंचा रस्ता त्यातून मोकळा झाला. कावियांचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा तेच सांगतात. मला मात्र दुसरा खटला जास्त मोलाचा वाटतो. २०१३ मध्ये आग्वा कालिएंते जमात खोऱ्यातल्या दोन पाणीपुरवठा यंत्रणांविरुद्ध न्यायालयात गेली. खोऱ्यात शंभराहून जास्त गोल्फची मैदानं आहेत, आणि जमिनीखालचं पाणी उपसलं जात होतं. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं, की जमीन राखून दिली तेव्हा तिच्यावर जगायला लागणारं पाणीही राखलं गेलं, आणि त्यात भूजल आलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं या निकालात हात घालायला नकार दिला. चालत उतरण्याच्या विहिरी खणणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांनी मिळवलेला हा निकाल आहे.

(दृश्य : मोरोंगो. लहानसं संग्रहालय, अंगणात स्थानिक झाडं.)

हे सगळं कुणाच्या तरी स्मरणात टिकावं लागतं. कॅथरीन सिवा साउबेल १९२० मध्ये लॉस कोयोतेस इथे जन्मल्या. काविया बोलतच वाढल्या, आईकडून झाडपाला शिकल्या. भाषा डोळ्यांदेखत ओसरत होती. भाषाशास्त्रज्ञ आले तेव्हा त्या नुसत्या माहिती देणाऱ्या राहिल्या नाहीत, बरोबरीनं काम करू लागल्या. शब्द, व्याकरण, गोष्टी त्यांनी उतरवून घेतल्या. १९७२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ लोवेल बीन यांच्यासह त्यांनी वनस्पतींवरचं पुस्तक केलं. दोनशेहून जास्त झाडं, प्रत्येकाचं काविया नाव आणि उपयोग. पुस्तकाचं नाव ‘टेमलपाख’, म्हणजे मातीतून. त्याआधी १९६५ मध्ये जेन पेन आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी मोरोंगो वस्तीवर मल्की संग्रहालय उघडलं होतं. २०११ मध्ये त्या गेल्या, ९१ व्या वर्षी.

(दृश्य : रात्र. एका ओळीत उभे गायक, हातात भोपळ्याचे खुळखुळे.)

ही पक्षीगीतं. सृष्टी झाल्यावर लोक कुठेकुठे फिरले, वाटेत काय पाहिलं आणि घरी कसे परतले, ते या गाण्यांत आहे. एकामागून एक, क्रमानं. पूर्ण म्हणायची तर रात्र पुरत नाही. पुढच्या रांगेत म्हातारे, मागे पंधरा-सोळा वर्षांची पोरं. मनगटाची झटक एकदम पडते आणि सगळे खुळखुळे एकाच क्षणी थांबतात.

(खुळखुळ्यांचा आवाज. मग शांतता.)

(दृश्य : सॉल्टन सीचा काठ. मिठानं पांढरी पडलेली जमीन.)

सॉल्टन सी आता आटतंय. वरून येणारं पाणी शहरांकडे वळवलं गेलं आहे. काठ मागे सरतो आहे आणि उघड्या पडलेल्या तळाची बारीक धूळ वाऱ्यावर उडते, जवळच्या वस्त्यांतल्या लेकरांच्या छातीत जाते. या उघड्या पडणाऱ्या जमिनीत टॉरेस-मार्टिनेझची बुडालेली जमीनही आहे. त्यांनी तिथे बांध घालून उथळ पाणथळी तयार केल्या. धूळ बसावी म्हणून, आणि पाखरांना उतरायला जागा व्हावी म्हणून.

(दृश्य : उथळ पाणी. पाखरं उतरतात. मागे, दूर डोंगरावर, तीच सरळ रेघ.)