आमनी रोजनी भाकर

मंडळी, नमस्कार, आणि ख्रिस्ती मंडळींना सलाम.

मला विषय दिलाय तो ख्रिस्ती श्रद्धा आणि आपली संस्कृती असा. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं चुलीपुढे बसले. तेव्हा सुरुवात चुलीपासूनच करते.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.' ज्यांनी हे मराठीत आणलं त्यांना 'अन्न' म्हणता आलं असतं, 'रोटी' म्हणता आलं असतं. त्यांनी 'भाकर' म्हटलं. हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे परात येते. ज्वारीचं पीठ, त्यात कढत पाणी, हाताच्या टाचेने मळणं, मग थापणं. थापताना कडा फाटू नयेत म्हणून एक हात सतत कडेकडेने फिरत असतो. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी आरावर फुगवायची. आपल्या खान्देशात तर ज्वारीत उडीद घालून दळतात आणि कळण्याची भाकरी करतात, सोबत ठेचा. 'रोजची' हा शब्द किती खरा आहे, हे ती थापणारीला सांगावं लागत नाही. कालची भाकरी आज कडक होते. देवाकडे उद्याची भाकर आज मागताच येत नाही.

येशू जन्मला त्या गावाचं नाव बेथलेहेम, आणि हिब्रू भाषेत त्या नावाचा अर्थ होतो भाकरीचं घर. पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. योहानाच्या शुभवर्तमानात एका मुलाजवळच्या त्या पाच भाकरी जवाच्या होत्या, असं मुद्दाम सांगितलंय. गहू ज्याला परवडे तो गहू खाई, जव गरिबाचा. आपल्याकडेही पाहुणा आला की गव्हाची पोळी आणि घरच्या माणसाला भाकरी, हेच होतं ना? ते आशियातलं गाव होतं, माणसं शेतकरी, मेंढके आणि मासे धरणारी होती. ज्या पुस्तकात पेरणी आहे, मळणी आहे, पीठ भिजवणारी बाई आहे, ते पुस्तक खान्देशातल्या माणसाला परकं का वाटावं? परकं वाटतं ते पुस्तकाभोवती गुंडाळून आलेलं सामान.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या दिवशी पाळक वाचतात, 'येशूने भाकर घेतली आणि आशीर्वाद देऊन ती मोडली.' आणि समोर ताटात असतात बेकरीतल्या पांढऱ्या ब्रेडचे सुरीने कापलेले चौकोनी तुकडे. मी एकदा बैठकीत विचारलं, आपण भाकरी का ठेवत नाही? वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सणाच्या, रात्री येशूने ज्या भाकरी मोडल्या त्या बिनखमिराच्या होत्या. आपली भाकरीही बिनखमिराची. ती कापत नाहीत, मोडतात. आपल्या घरी जेवायला बसलं की पहिला आवाज भाकरी मोडल्याचाच येतो.

एक वडीलधारे म्हणाले, "ताई, भाकरी तर घरी रोज खातो. देवाच्या घरी काहीतरी वेगळं नको?" त्यांच्या बोलण्यात अनादर नव्हता. पवित्र म्हणजे रोजच्याहून वेगळं, असंच आपण सगळे मानत आलो. पण ज्याने आपल्या आठवणीसाठी काहीतरी ठेवायचं म्हणून घरातली भाकर उचलली, त्याने रोजचंच पवित्र केलं. मला हेच सांगायचं होतं, आणि त्या दिवशी नीट सांगता आलं नाही.

अडचण दुसरीकडून आली. सकाळी सातला केलेली भाकरी साडेदहापर्यंत कोरडी पडते, मोडताना तिचा चुरा होतो, आणि तो चुरा जमिनीवर सांडणं कुणालाच बरं वाटेना. तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "दशमी करू ना." दुधात मळलेली दशमी प्रवासाला नेतात, ती दोन दिवस मऊ राहते. पुढच्या महिन्यात तिने स्वतः पाच दशम्या करून आणल्या, फडक्यात बांधून. पाळकांनी त्या हातात घेतल्या, मोडल्या आणि देवळात दुधा-पिठाचा वास पसरला. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या शेजारची बाई तुकडा तोंडात घालताना रडली. का, ते मी तिला विचारलं नाही.

हा विचार आपल्या एकट्याचा नाही. जपानचे मासाओ ताकेनाका यांनी, जिथे माणसं भातावर जगतात तिथे देवाबद्दल भाताच्या भाषेत बोलावं, असं मांडलं. कोसुके कोयामा हेही जपानीच. ते 1960 च्या दशकात उत्तर थायलंडमध्ये धर्मसेवक होते. प्रवचनाला जाताना त्यांना वाटेत चिखलाने माखलेल्या म्हशी दिसत. त्यांनी ठरवलं, समोरचा शेतकरी ज्यात जगतो तिथूनच सुरुवात करायची. चिकट भात, म्हशी, पाऊस, गळकं घर, केळी. जळगावात केळीचं नाव घेतल्यावर वेगळं काही समजवायला नको. आणि हे फार जुनं आहे. 1616 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात फादर स्टीफन्स या इंग्रज माणसाने येशूची कथा मराठी ओवीत लिहिली, कारण इथे माणसं देवाची गोष्ट ओवीतूनच ऐकत होती.

आता भाषेबद्दल. आमच्या प्रार्थनासभेत एक बाई येते. सभेत प्रार्थना करताना ती म्हणते, 'हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे मनःपूर्वक आभार मानतो.' शब्दन् शब्द बरोबर, पुस्तकातला. एका रात्री तिच्या मुलाला सापाने चावलं. जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती सारखी एकच म्हणत होती, "मना आंडोरले वाचाड रे देवा, मना आंडोरले वाचाड." मुलगा वाचला. पण मी तेव्हापासून विचार करतेय, की आठवडाभर अहिराणीत जगणारी माणसं रविवारी दोन तास दुसऱ्याच भाषेत देवाशी का बोलतात? 'आमनी रोजनी भाकर आज आमले दे,' असं देवळात म्हणायला आपल्याला संकोच का वाटतो? प्रमाण मराठी मी जन्मभर शिकवली, तिच्यावर माझं प्रेम आहे. तरीही सांगते, मरणाच्या दारात जी भाषा तोंडात येते तिला देवाच्या दारात मागे उभं करू नये.

याच जळगावात 1907 साली पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेल्या एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याचा 'बालकवी' म्हणून गौरव केला. त्या मुलाचं नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळक आले होते. ते 1895 मध्ये ख्रिस्ती झाले होते, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. त्यांनी या मुलाला पुढे नगरला आपल्या घरी नेलं. ठोंबरे त्या घरात लेकरासारखा वावरला, रुसला, फिरला, त्याने कविता लिहिल्या. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याच्याबद्दल ज्या मायेने लिहिलंय ते वाचताना आजही गळा भरतो. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्या घराची माया त्यामुळे कमी झाली नाही. 1918 च्या मे महिन्यात इथून जवळच, भादली स्टेशनात, रेल्वेखाली त्याचा अंत झाला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

टिळकांची पदं आपण पेटी-तबल्यावर म्हणतो. ती म्हणावीतच. पण मला विचाराल तर त्यांच्या अभंगांइतकीच मोठी गोष्ट म्हणजे त्या घराचं उघडं दार. 1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला तोही याच ओढीने, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताच्या नावाने एकत्र बसावेत म्हणून. सहभागिता हा शब्द आपण फार वापरतो. ती अशी असते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. 1969 मध्ये भारतातल्या कॅथलिक उपासनेत काही बारा गोष्टींना परवानगी मिळाली. आरती, तेलाचा दिवा, हात जोडून नमस्कार, मांडी घालून बसणं वगैरे. चांगलंच झालं. पण नवापूरच्या मावची आदिवासी ख्रिस्ती घरात समई आणि संस्कृत नामावळी घेऊन गेलात, तर ती त्या घराची संस्कृती होत नाही. ऑर्गन परका होता, तशीच समईही परकीच. 'भारतीय' म्हणताना आपण नकळत वरच्या जातींच्या घरातलं सामान उचलतो. सातपुड्यातल्या माणसाच्या हाताला ढोल ठाऊक आहे, फुंकायची पावरी ठाऊक आहे. एके काळी ढोल म्हणजे दारू आणि जुनं दैवत, असं समजून नव्या विश्वासणाऱ्यांना तो खाली ठेवायला सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना दारूने मोडलेले संसार दिसत होते. पण दारू सुटली तेव्हा ढोलही सुटला, आणि पोरं नाताळातही नाचेनाशी झाली. तिकडच्या एका गावी मी नाताळच्या रात्री गेले होते. हात धरून, खांद्याला खांदा लावून बायका-पुरुषांचं रिंगण फिरत होतं, मध्ये ढोल, आणि गाणं मावचीत, गव्हाणीतल्या बाळाचं. थंडी मी म्हणत होती, तरी पहाटेपर्यंत कुणी शेकोटीजवळ गेलं नाही.

आणि संस्कृतीतलं सगळंच उचलायचं नसतं. धान्य सुपात घेतलं की पाखडावंच लागतं. आपल्या पंगतीचं केवढं कौतुक, पण त्याच पंगतीत कोण वर आणि कोण खाली बसायचं ते ठरलेलं असे. चर्चमध्ये आलो तरी लग्न जुळवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न आपण आजही दबक्या आवाजात विचारतो. हे खान्देशी आहे, शंभर टक्के इथलं आहे, आणि ते ख्रिस्ताच्या मेजावर बसू शकत नाही. आरत्या लावणं सोपं, हे पाखडणं अवघड.

माझ्या आईचं सांगते आणि थांबते.

आई-वडील ख्रिस्ती झाले तेव्हा आईचं माहेर हिंदूच राहिलं. आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, खान्देशात हा सासुरवाशिणीचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मामा न्यायला आला, बैलगाडी घेऊन. मंडळीतल्या एकाने सांगितलं, आता हे आपल्याला नाही. आई म्हणाली, "सण मना नसेल, भाऊ मना शे," आणि गाडीत बसली. झोक्यावर बसली, बहिणींबरोबर गायली. पितरांच्या नावाने घागर भरतात तेव्हा ती शांतपणे बाजूला झाली. माझ्या आजीने तिला बोल लावला नाही, खापरावरची पुरणपोळी वाढली.

पण घागर तिच्या मनातून जाईना. वैशाखात तहानलेल्याला पाणी द्यावं, ही त्या घागरीमागची गोष्ट तिला चुकीची वाटेना. येशूही म्हणालाच होता, की लहानातल्या लहानाला कुणी प्यालाभर थंड पाणी दिलं तर त्याचं प्रतिफळ बुडणार नाही. पुढच्या वर्षी आखाजीच्या सकाळी तिने आमच्या दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला, वाळू अंथरून एक रांजण ठेवला. ओलं गोणपाट गुंडाळलं, वर लाकडी झाकण, त्यावर पितळेचा ओगराळा. बाजाराला जाणारे येणारे थांबत, पाणी पीत. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मना बापना नावनं शे."

ती आकाशातल्या बापाबद्दल बोलत होती की नुकत्याच वारलेल्या माझ्या आजोबांबद्दल, हे आम्हाला कधी कळलं नाही. ती गेली त्याला आता बारा वर्षं झाली. रांजण दोनदा फुटला, दोनदा नवा आणला. यंदाही आखाजीला तो भरलाय.